शिळं पाणी

देवपुरात आमच्या गल्लीला नळ येतो
नवव्या नाहीतर दहाव्या दिवशी.
आला की बाया आधी
इतके दिवस थेंब-थेंब जपलेलं पाणी ओतून देतात,
शिळं झालं म्हणून.
मी मात्र एक बादली भरून मागे ठेवते
दवाखान्याच्या जिन्याखाली, उघडीच,
क्लोरीनचा वास उडून जाईपर्यंत.
ताजं पाणी न सोसणारा
एकच पेशंट आहे आमच्याकडे.

सोमवारी तो कलंडला.
शेपूट वर, पोट फुगलेलं,
बसस्टँडवर डुलकी लागलेला माणूस
उशाच्या पिशवीवरून घसरत जातो, तसा.
बाहेर चव्वेचाळीस. काचेच्या आत तेहतीस.
तोंड पाण्याच्या काठाला लावून
हवा चघळत होता नुसता.

डॉक्टर म्हणाले, कोकिळाताई, द्या सोडून,
चार नंबर गल्लीत ऐंशी रुपयांना नवा मिळतो.
दातांबद्दलही ते असंच बोलतात,
आणि बहुतेक वेळा त्यांचं खरं असतं.

भुलीच्या इंजेक्शनांशेजारी
मी पाण्याची बाटली गोठवली,
फडक्यात गुंडाळून टाकीत तरंगत सोडली.
तासाला एक अंश, त्याहून जास्त नाही.
घाईनं दिलेला गारवाही मारतो, हे मला
दोन मासे मेल्यावर कळलेलं.

अकराला लाईट गेली.
पंपाचे बुडबुडे थांबले आणि
वेटिंगमधल्या सगळ्यांना एकदम
आपापला ठणका ऐकू आला.
मी चूळ भरायचा ग्लास घेतला,
टाकीतलंच पाणी उचलून वरून टाकीत सोडत राहिले,
धार बारीक, काचेच्या कडेनं.
सुपडूबाबा, कवळीसाठी चौथ्यांदा आलेले,
बोळक्या तोंडानं बघत बसलेले,
म्हणाले, मासाले बी दात दुखतस का वं माय?
मग उठले. दुसरा ग्लास घेतला.
लाईट आली पावणेदोनला.
त्यांनी मोजलं होतं. मी नाही.

अन्न बंद, तीन दिवस.
इथेच माझा हात अडत होता.
आमच्या घरी आजारी माणसाला
न विचारता पातळ खिचडी देतात,
नको म्हणाला तर तूप वाढवून देतात.
आणि हा मला ओळखतो.
माझी सावली पडली की तिरका-तिरका येतो काचेपाशी,
एक डोळा वर, तोंड उघडं.
बुधवारी एका पोरानं बिस्किटाचा चुरा टाकला
आणि मी ओरडले त्याच्यावर,
'शांतता राखा'च्या पाटीखाली उभी राहून.
नंतर गाळणीनं कण-कण उपसला.
पोरगा रडत नव्हता. त्याची दाढ सुजली होती,
रडायलाही तोंड उघडावं लागतं.

गुरुवारी एक मटार उकडला,
नखानं साल काढली, चतकोर तुकडा सोडला.
त्याला तो सापडेना.
तोल जायचा, तोंड जायचं भलतीकडे,
तुकडा तळाच्या खड्यांत.
दुसरा सोडला. तिसरा.
चौथा गेला आत.
आतून ड्रिलचा आवाज येत होता आणि मी
श्वास धरून उभी, जणू दाढ माझीच.

शुक्रवारी सकाळी त्याच्यामागे
लांब हिरवा दोरा लोंबत होता.
असल्या गोष्टीचा आनंद कुणाला सांगावा?
सुपडूबाबांना सांगितला.
त्यांची कवळी नुकतीच बसवली होती,
आणि ती डाव्या बाजूला उचलली जात होती.
त्यांनी टाकीत बराच वेळ बघितलं.
जरासा वाकडा शे, म्हणाले. चाली जाई.

रात्री दीडला नळ आला, सातव्याच दिवशी.
सगळी गल्ली जागी, हंडे वाजतायत,
कुणीतरी पिंप रिकामं करतंय रस्त्यावर.
मी बादली भरली, जिन्याखाली सरकवली
आणि भिंतीवर खडूनं लिहिलं:
उद्या नाही. परवा.