बर्फावर दगड पेरणारा

जानेवारीत बैकाल गोठला
की सोल्बोन पोत्यातून दगड आणतो,
चपटे, ताटलीएवढे,
हुझिरच्या किनाऱ्यावरून वेचलेले,
आणि पेरतो
जिथे वारा हिमाचा कणही टिकू देत नाही,
जिथे बर्फ इतका नितळ की पाय टाकताना
पोटात गोळा येतो.

यंदा सत्तावीस पेरले.
उगवले चार.

उगवले म्हणजे, फेब्रुवारी सरता सरता
दगड चार बोटं अधांतरी,
खाली बर्फाचा एकच बारीक पाय,
बगळ्यासारखा.
दुसरा पाय कुठे ते विचारू नये.

इर्कुत्स्कहून माणसं येतात,
करड्या, पावाच्या लादीसारख्या गाडीतून.
बर्फावर पालथी पडून फोटो काढतात.
कुणी उचलला हा?
दांबामामा स्टिअरिंग न सोडता सांगतो,
बेटाच्या मालकानं.
मग खिडकीतून बोटानं दूध शिंपडतो चार दिशांना,
आणि चहापाण्याचे पैसे दुप्पट होतात.

सोल्बोनला हे पटत नाही.
सातवीत रिम्मा अफानास्येव्नांनी
उणे तीसमध्ये ओली चादर दोरीवर टाकली होती.
चादरीची फळी झाली, ठोकली तर टकटक वाजायची.
तिसऱ्या दिवशी ती मऊ होती.
आणि कोरडी.
खाली एक थेंब नाही.
बाई म्हणाल्या, शोधा पाणी.
अख्खा वर्ग दोरीखाली गुडघ्यांवर.

(आपल्याकडे डबीत कापूर राहतो ना, तसंच.
वितळत नाही, ओल ठेवत नाही,
नुसता
कमी होतो.)

म्हणून तो खरं तेच सांगतो, पैसे गेले तरी.
दगड वर आलेला नाही.
सरोवर खाली गेलंय.
ऊन आणि कोरडा वारा मिळून
रोज बर्फाचा एक पापुद्रा उडवतात, पाणी न करता.
दगडाच्या सावलीत तेवढा उरतो.
छत्रीखालचा माणूस कोरडा राहतो, तेवढीच गोष्ट.

तेवढीच? ओम्स्कची एक बाई विचारते,
नाकापर्यंत मफलर, पापण्यांवर दंव.
मग पायाभोवती ही वाटी कशी खणली गेली?

सोल्बोन खूश होतो. हे कुणी विचारत नाही.
दगड दिवसभर ऊन खातो, तो सांगतो,
आणि कडेनं ऊब सोडत राहतो.
सावली तोच देतो.
आजूबाजूचं कुरतडतो तोही.

आणि उडालेला बर्फ?
तो तिच्या तोंडाकडे बोट करतो.
ती श्वास घेता घेता थांबते.
मग हसते, आणि मोठ्ठा श्वास घेते,
सरोवराचा एक घास.

मामाला हे सगळं ऐकू येतं.
तो गाडी दोन हात पुढे घेतो, मुद्दाम,
आणि उभी होती ती जागा दाखवतो:
आठवडाभर बॅटरी बसली म्हणून अडकली होती इथेच.
चाकांमधला बर्फ नखभर उंच.
हा पण मालकानंच उचलला का रे, तो विचारतो,
आणि कोण कुणाची थट्टा करतंय
ते शेवटपर्यंत कळत नाही.

एप्रिलमध्ये ऊन बदलतं.
वाऱ्यानं आणलेली सुकी पानं
बर्फात आपापल्या आकाराचं भोक पाडून आत बसतात.
ज्या उन्हानं दगड उभा केला
तेच पानाला बुडवतं. पातळ असण्याची किंमत.
पाय बारीक होत जातात, मग एका दुपारी
कुणी बघत नसताना
टक्.

मेमध्ये बर्फ फुटतो
आणि सगळे सत्तावीस खाली जातात,
उगवलेले, न उगवलेले.
मालकाचं मालकाला, मामा म्हणतो.

सोल्बोननं बाईंना पत्र लिहिलंय:
दगड तळाला पोचायला किती वेळ लागतो?
उत्तर आलं, एका ओळीचं.
सपाट पडेल की कडेवर?

तेव्हापासून तो किनाऱ्यावर
एकेक दगड हातात फिरवत बसलाय.