येण्याचे कारण

सारसोळ्याच्या जेट्टीवर माझी ड्युटी, रात्री दहा ते सकाळी सहा.
शिट्टी, बॅटरी, प्लास्टिकची खुर्ची
आणि एक वही: नाव, गाव, वेळ, येण्याचे कारण.
पाठीशी पाटी आहे, येथे मासेमारी करण्यास मनाई आहे.
तिच्या खांबाला गुडघाभर कालवं धरलीत.
त्यांना वाचता येत नाही.

शनिवारी टिपणीस येतात, ठाण्याहून, गाडी भरून.
त्यांच्याकडे परवाना आहे, लॅमिनेट केलेला.
चार रॉड, एकेकाची किंमत माझे तीन पगार;
हे ते बोलले नाहीत, मीच दुकानात जाऊन विचारून आलो.
माणूस वाईट नाही. थर्मासातला चहा देतात,
दादा म्हणतात, पाण्यापाशी आवाज खाली आणतात.
फक्त जागेवरून नवख्या पोरांशी भांडतात:
हा कोपरा माझा. अकरा वर्षं उभा राहतोय मी इथे.

अकरा वर्षं.
मी वहीत डोकं घालतो.
त्याच कोपऱ्यात आज्याच्या वान्याचा खुंट होता,
डांबर फासलेला.
त्याच्यावरून उडी मारून मी पोहायला शिकलो.

जमिनी गेल्या त्यांना प्लॉट मिळाले, उशिरा का होईना.
पाण्याला सातबारा नसतो.
बाबा कचेरीत पाग घेऊन गेला होता, पुरावा म्हणून.
टेबलावर ठेवला.
साहेबाने आपली वही बाजूला सरकवली,
वास लागेल म्हणून.

परवा टिपणीसांना जिताडा लागला.
अर्धा तास खेळवला. दोर कुईकुई करत होता.
मग ओला टॉवेल, वजनकाटा, टेप, फोटो,
आणि बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तसं
दोन्ही हातांवर तोलून
सोडला पाण्यात.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या बहुतेक.

खाली, मांडीभर चिखलात, पोशीआत्या उभी.
कमरेला टोपली, टोपलीत सात-आठ निवट्या.
"सोरला?"
"सोरला, आत्या."
"मंग पकरला कशाला?"

टिपणीस नम्रपणे म्हणाले, आजी, मासे टिकायला हवेत ना.
ती हसली. दात थोडेच आहेत, हसते मात्र भरपूर.
पोटात गाभोळी असली की आमच्यात पाग खुंटीवरच राहतो,
हे तिने सांगितलं नाही.
मीही नाही.
त्यांच्या तुटलेल्या दोरीने गेल्या महिन्यात
तिच्या दोन बोटांना चिरा दिल्या,
तेही राहूनच गेलं.
गाडी निघाली, जाताना त्यांनी मला बिस्किटांचा पुडा दिला.

सोमवारी वरून हुकूम आला:
जो कोणी चिखलात उतरेल त्याची नोंद हवी, नाहीतर शिट्टी.

पहाटे साडेचार. सुकती लागलेली.
लांबवर रोहित पक्षी, अंधारात नुसतेच पांढुरके डाग.
आत्या आकडी घेऊन पायऱ्या उतरली.
शिट्टी माझ्या तोंडात होती. तशीच राहिली, थुंकीने ओली.

"आत्या, लिहावं लागंल."
"लिव की."
"कारण काय लिहू?"
"चिंबोरी लिव."
"ते चालत नाय."
ती थांबली. पाण्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे, तान्ह्या पोराकडे बघावं तसं.
"मंग लिव, घरा चाललंय."

नाव: पोशीबाय जोमा कोळी.
गाव विचारलं, तिने पायाखाली बोट केलं.
कारण: घरी.
सहीच्या जागी अंगठा उठला,
शाईचा नव्हे, चिखलाचा.
तो पानभर ओघळत गेला,
टिपणीसांच्या नावावरून, त्यांच्या "छंद" वरून.
मी वही बाजूला सरकवली नाही.

सहाला बदलीचा माणूस आला.
पानं चिकटलेली बघून म्हणाला, भिजली कशी ही?
भरती, म्हटलं.