एकला पाच कमी

घर म्हणजे दोन खोल्या, एक पडवी,
आणि मागच्या दारापासून अकरा पावलांवर
जमीन संपते.

पाथर्डीच्या शिवारात तेव्हा अशी
जमीन संपणारी सात-आठ ठिकाणं होती.
नाशकातल्या ज्या रस्त्याने तुम्ही आलात
त्याची खडी बहुतेक आमच्या मागच्या दारातून गेलीय.
मी हे पाहुण्यांना सांगते.
पाहुणे आपल्या चपलांकडे बघतात.

भिंती काळ्या दगडाच्या.
त्यातला एकही विकत घेतलेला नाही.
मुकादमाने नाकारलेला,
कोपरा उडालेला, पोटात शीर निघालेला
असा एक दगड रोज संध्याकाळी
आप्पा खांद्यावरून आणायचे.
चार वर्षं. बाराशे संध्याकाळी.
आतून चुन्याचा गिलावा मात्र उधारीवर.

सुरुंग दुपारी एकला.
एकला पाच कमी असताना भोंगा व्हायचा
आणि आई मांडणीवरची भांडी उतरवायची.
आधी पितळेची घागर, मग परात, मग ताटं,
शेवटी काचेचा तो एकच ग्लास
जो डॉक्टर घरी आले तर असावा म्हणून होता
आणि डॉक्टर कधी आले नाहीत.
सगळं खाली, गोधडीवर.
मलाही पाळण्यातून काढून त्यांच्यातच.
मग जमीन एक उचकी द्यायची,
पत्र्यावर खडे वाजायचे,
आणि आई सगळं परत मांडायची,
उलट्या क्रमाने, ग्लास आधी.

गिलाव्याला पहिला तडा गेला
तेव्हा आप्पांनी कानामागची पेन्सिल काढली
आणि तो जिथे थांबला होता तिथे तारीख घातली.
पुढच्या खेपेला चार बोटं पुढे.
पुन्हा तारीख.
लोक भिंतीवर पोरांची उंची मांडतात.
माझी कुणी मांडली नाही,
पण १४-३-८७ला तडा खिडकीला लागला
आणि त्याच दिवशी मी चालले, असं आई सांगते.

कधी सुरुंगानंतर कातळाच्या पोटात पोकळी उघडायची.
आत गारगोट्या, पांढऱ्या, फिकट गुलाबी,
क्वचित एखादी हिरवी, बाटलीच्या काचेसारखी.
कॉलेज रोडवरचा एक शेठ लुनावरून यायचा,
वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा.
तीस रुपये. हिरवीचे पन्नास.
कुठं जातात हो या, आप्पांनी एकदा विचारलं.
शेठ म्हणाला, जपान.
तोवर आप्पांचे कान निम्मे गेले होते.
घरी येऊन म्हणाले, दुकानात जातात.
कितीतरी वर्षं मी मेन रोडच्या दुकानांत
आमची गारगोटी शोधायचे.

मग खाण बंद झाली. पंप बंद झाले. पाणी चढलं.
पलीकडच्या काठावर आता चौदा मजले
आणि फलकावर लेक व्ह्यू.
रात्री त्यांचे दिवे आमच्या खड्ड्यात पडतात.
आई मागच्या दारात बसून ते बघते,
तिला आवडतात.
तिथल्या एका बाईने विचारलं,
मावशी, तळं किती खोल असेल हो?
आई म्हणाली, मालकांना विचारायला पाहिजे होतं,
तेच उतरायचे.

आप्पा गेले त्यालाही सहा वर्षं झाली.
तरी एकला पाच कमी झाले की
आई बोलता बोलता थांबते,
एक तळवा मांडणीला टेकवून उभी राहते.
मी म्हणते, अगं, भांडी स्टीलची आहेत आता.
ती म्हणते, हो ना.
आणि उभीच राहते.

मागच्या मंगळवारी पलीकडे
दुसऱ्या इमारतीच्या पायात ब्रेकर लागला.
मी अंबडला सेकंड शिफ्टला निघाले होते.
फरशीवर चुन्याचा चुरा दिसला.
वर पाहिलं.
६-२-२००९ च्या पुढे
तडा दोन बोटं सरकलेला.

घरात पेन्सिल नव्हती.
लष्करेंच्या पोराकडून आणली, मागे रबर असलेली.
पाटावर चढून तारीख घातली.
माझा चार आप्पांच्या चारसारखाच येतो
हे मला माहीत नव्हतं.

खाली उतरले,
तर आईने काचेचा ग्लास
गोधडीवर काढून ठेवला होता.