पावणेदोन मासे

डालोनेगा, जॉर्जिया. चौकातलं जुनं कोर्ट,
आता म्युझियम.
भिंतीच्या विटांतही सोन्याचा कण आहे म्हणतात.
लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला आवडेल.
एकतीस वर्षं कॅश काउंटरवर काढलेल्या माणसाला
रविवारी नाणी दाखवायची!

काचेखाली एक डॉलर. सोन्याचा.
शर्टाच्या गुंडीएवढा. वजन पावणेदोन मासे,
म्हणजे तान्ह्या पोरीचे डूल, तेही जेमतेम.

साल अठराशे एकसष्ट. देश मधोमध उसवलेला,
टांकसाळ बंडवाल्यांच्या ताब्यात,
ठसे मात्र जुन्याच सरकारचे.
त्यांनी तेच ठोकले.
पिसांचा मुकुट घातलेली तीच बाई.
ज्यांच्या बोलीत या गावाचं नाव 'पिवळं',
त्यांना या डोंगरातून हाकलून
तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.
मागच्या बाजूला मका, गहू, तंबाखू
आणि कापसाचं बोंड, एका वेलीत गुंफलेलं.
वेचणारे हात
एवढ्याशा जागेत मावले नसणार.

व्हर्लीन टॉलिव्हर, स्वयंसेविका, सत्तरीच्या पुढच्या,
भिंग पुढे करतात:
'युनायटेड'मधलं पहिलं अक्षर सापडतंय का बघा.
मी बघतो. डोळा काचेला टेकेपर्यंत बघतो.
घासलंय, मी म्हणतो. असं नाणं आम्ही बाजूला काढायचो.
घासलं नाही हो, त्या हसतात,
नीट उमटलंच नाही.

मराठीत असतं तर 'संयुक्त'चा 'सं' गेला असता,
उरलं असतं नुसतं 'युक्त'.
कशाने, ते ज्याचं त्याने भरायचं.

किती पाडली अशी?
कुणालाच माहीत नाही. नोंद नाही.
आणि इथे माझी बोटं वळवळायला लागतात.
एक रुपया कमी भरला म्हणून
रात्री नऊपर्यंत शटर अर्धं ओढून बसलेलो आम्ही,
चहा गार, कदमांची शेवटची एसटी गेलेली.
आणि या लोकांनी देश मोडायला घेतला
तो वहीत आकडा न टाकता?

बाहेर दुकानात लेकीने फज घेतलं.
सुट्टे परत आले, त्यात एक क्वार्टर.
सवयीने मी तो काउंटरवर टाकून वाजवला.
बद्द आवाज. आजकाल सगळ्यांचाच तसा येतो.
गल्ल्यावरच्या पोरीने मान वर केली:
काही चुकलं का, सर?

नाही, म्हटलं.
बरोबर आहेत.
तरी पुन्हा मोजले.