उतरते गियर

राजूर घाट उतरताना
माझ्या मागच्या सीटवर तीनशे साठ अंडी असतात.
बारा ट्रे, वर सुतळी, सुतळीवर जुन्या ट्यूबचा पट्टा.
ब्रेक जरा कचकन लागला
की ट्रे पुढे येतात,
मग माझी पाठ ओली होते,
मग तरोड्याचा सपकाळ दुकानदार
एकेक अंडं उन्हाकडे धरून
माझा महिना मोजतो.

मुनाफ मिस्त्रीचं म्हणणं सरळ आहे.
"ब्रेकशू दोनशेचे, क्लचप्लेटा हजाराच्या वर.
थांबाचं तं ब्रेक मार ना बे,
इंजिनाले काहून रडवतं?"
त्याच्या टपरीत खिळ्याला झिजलेले शू टांगलेले,
करपलेल्या भाकरीच्या कडांसारखे.
"हे पाय. हे झिजासाठीच असते."

वडिलांच्या सीडी हंड्रेडला ब्रेक होते,
पण ते लागतील यावर घरात कुणाचा भरवसा नव्हता.
लाइनमन माणूस. खांबावरून उतरावं
तसे गाडीवरून यायचे, एकेक पाय चाचपत.
चिंचेच्या वळणावर चौथ्यातून तिसरा, एक हुंकार.
हापशीजवळ दुसरा, जरा कुरकुरणारा.
ग्रामपंचायतीच्या पाटीखाली पहिला,
आणि अंगणात गाडी अशी उभी राहायची
की थांबली कधी ते कळू नये.
आई तिसऱ्याला आधण ठेवायची.
दुसऱ्याला साखर.
पहिल्याला कुत्रं उठून बसायचं.

"गाडीले थांबवाचं नसते," ते मला म्हणायचे,
"समजवाचं असते."
मी सोळा वर्षांचा. समजावण्यात वेळ जातो.
मी ब्रेक मारून मागचं चाक सरकवत
अंगणात अर्धा चंद्र काढायचो,
आणि आई फाटलेल्या सड्याकडे बघत
खराट्याचा बुडखा हातात तोलायची.

परवा, दिवाळीला आठ दिवस असताना,
घाट संपला तिथे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं.
कडेला दगड. एका दगडावर एक बाई,
कानाला मोबाइल.
समोरून एसटी आली. तिने तिची बाजू घेतली,
माझी बाजू म्हणजे सोयाबीन.

दाण्यांवर ब्रेक मारला की काय होतं
हे माझ्या कोपराला ठाऊक आहे.
उजवा पाय पेडलवर होता,
दोन बोटं लिव्हरवर.
दोन्ही उचलली.
उतारावर, भरल्या गाडीवर, ब्रेकवरून हात काढणं
म्हणजे विहिरीच्या काठावर चप्पल काढण्यासारखं आहे,
बघणाऱ्याला वेगळंच वाटतं.

टाच. तिसरा.
क्लच सोडला तो मोट्यारानं दोर सोडावा तसा, हातभर हातभर.
टाच. दुसरा.
इंजिन वडिलांसारखं खाकरलं.
चाकाखाली दाणे कडकडले, मग सरसरले,
बाई उठून मोबाइलमध्ये सांगत होती,
"थांब व माय, एक बह्याड आला सोयाबीनात."

दाणे संपले तिथे शेवटचे दोन हात ब्रेकनेच.
एवढं मुनाफचं.

सात अंडी फुटली. सपकाळने आठ मोजली.
त्या बाईने झाडणी देऊन
मला माझी चाकोरी परत भरायला लावली, दाणा न् दाणा,
आणि मग पाणीही दिलं.
मुनाफने संध्याकाळी गाडीजवळ नाक नेलं,
"जळल्याचा वास येऊन रायला,"
आणि बिल लिहिताना हसला.

रिकामे ट्रे घेऊन घरी येताना
चिंचेच्या वळणावर टाच आपोआप दाबली गेली.
हापशीजवळ पुन्हा.
आईला हल्ली एकाच कानाने ऐकू येतं.
अंगणात शिरलो तेव्हा ती सुनेला विचारत होती,
"कोन आलं व? आपला तं ब्रेकवाला हाय."

गॅसवर आधण ठेवलेलं होतं.