थेंब गळत नाही

गानगानच्या चढावर काटा लालात गेला
आणि मी गाडी थांबवली.
वारा असा, की दार उघडावं तर बिजागरीसकट घेऊन जाईल.
मागे हौद्यात लोकरीचे अठरा गठ्ठे,
शेजारच्या सीटवर चिस्पा, जीभ बाहेर.
बॉनेटखालून वास आला,
गोडसर, पाक करपल्यासारखा.

विकताना एव्हारिस्तो म्हणाला होता,
"ताई, थेंब गळत नाही हिचा.
बाबांच्या हातची गाडी, तुझ्याशी खोटं बोलेन?"
सख्खा भाऊ. पैसे मोजले, किल्ली घेतली.
तेव्हापासून दर शंभर किलोमीटरला
एक बाटली पिते ही,
आणि खाली जमीन बघावी तर कोरडी.
"कुठेतरी पाणी मुरतंय," लेओकादिओ म्हणाला.
बोट बॉनेटकडे होतं की भावाच्या घराकडे,
तेवढं कळलं नाही.

तासभर तशीच बसले.
तापलेलं झाकण उघडणाऱ्याचं काय होतं
ते लेओकादिओच्या मनगटावर आहे :
चकाकतं कातडं, केस नाहीत,
घड्याळ तो दुसऱ्या हातात बांधतो.
थर्मासमधलं पाणी ओतून माते प्यायले.
चिस्पाशीही बोलले नाही.

घरी आणून एकेक बघत गेले.
होजचे क्लॅम्प घट्ट.
पंपाखालचं भोक कोरडं.
तेलाच्या काडीवर दूध-कॉफीचा फेस नाही,
म्हणजे हेड शाबूत, देव पावला.
मग टॉर्च तिरकी धरली जाळीवर,
आणि डाव्या अंगाला, वरच्या टाकीच्या सांध्याखाली
एक ओघळ, हिरवट पांढरा,
आजारी मेंढीच्या डोळ्याखाली वाळतो तसा.
चढावर दाब वाढला की गळायची.
उभी राहिली की गप्प.
जे गळायचं ते वारा पुसून न्यायचा.
इथे वारा सगळ्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

रेडिएटर उतरवला.
हिरवं पाणी बादलीत, वर झाकण, झाकणावर दगड,
कारण चिस्पाला गोड आवडतं
आणि हे गोड जीव घेतं.
जुना पितळी रेडिएटर, वर्षाच्या कोकराएवढा जड.
तोंडं बुजवली टायरच्या ट्यूबने,
एकात सायकलचा पंप खुपसला,
आणि नेऊन बुडवला त्या हौदात
जिथे पूर्वी खरजेसाठी मेंढ्या बुडवायचो.
कुंपणापलीकडे चार-पाच म्हाताऱ्या मेंढ्या,
त्यांना आठवत असावं.
आधी काहीच नाही.
मग सांध्यातून एक बुडबुडा,
दुसरा,
आणि मग थांबेचनात.

उलटा करून झटकला
तर ताटलीत पडले काळे, फुगलेले दाणे.
गंज असेल म्हणून बोटांत चुरडला एक, हुंगला.
मिरी.
अख्खी मिरी, मूठभर.
ट्रकवाल्यांचा जुना उपाय,
गरम पाण्यात फुगते, भोकात जाऊन बसते,
गिऱ्हाईक मिळेपर्यंत टिकते.

मी हसले. म्हणजे आधी शिव्या दिल्या,
बाबांना लागणार नाहीत अशा बेताने,
आणि मग हसले.

डाग द्यायचा तर आधी डाग काढावा लागतो.
तारेच्या ब्रशने घासत बसले दुपारभर,
पितळ उघडं पडेपर्यंत.
आम्लाचं बोट फिरवलं, ज्योत धरली,
लांबून, मग जवळून,
फार जवळ नेली तर शेजारचा सांधा सुटतो.
कथील एकदम पाण्यासारखं झालं
आणि स्वतःच धावत गेलं फटीत.
तेवढा एक क्षण माझं काहीच काम नव्हतं.

पुन्हा हौद. पुन्हा पंप. पाणी गप्प.

भरला, हिटर पूर्ण उघडला,
अडकलेली हवा ढेकर देत बाहेर येईपर्यंत इंजिन चालू ठेवलं.
रात्री खाली पुठ्ठा पसरला.
सकाळी पुठ्ठ्यावर चिस्पाच्या पायांचे ठसे,
दुसरं काही नाही.

रविवारी एव्हारिस्तो जेवायला आला.
बॉनेटवर थाप मारली, "बघ, म्हटलं नव्हतं?
थेंब गळत नाही."
"नाही गळत," मी म्हटलं, आणि त्याला मटण वाढलं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक काडेपेटी आहे,
तिच्यात एकोणीस मिरे.
अजून दाखवलेले नाहीत.
एखाद्या चढावर दाखवीन.