निरंक

एकतीस वर्षं मी मोजत होते.
नागाळा पार्कात, दुसऱ्या मजल्यावर,
करवीरच्या म्हशी, पन्हाळ्याच्या विहिरी,
यंदा गुऱ्हाळं किती पेटली, किती बंद पडली,
शाहूवाडीत पत्र्याची घरं किती अन् कौलारू किती.
पशुगणनेत एक रेडा दोनदा लागला
तर साहेब अख्खा तक्ता परत पाठवायचे.

म्हणून खियालदासनं विचारलं
तेव्हा मला वाटलं, सोपं आहे.
गांधीनगरात साडीच्या दुकानात घड्या घालतो तो.
घोटकीहून आला त्याला नऊ पावसाळे झाले.
"बाई, माझ्यासारखे किती आले?
किती जणांना राहा म्हणाले,
किती जणांना जा?
अन् किती अजून बाकावरच?"
मला आत घ्या, असं नव्हता म्हणत.
रांगेतला माणूस टाचा उचलून
पुढं बघतो,
तेवढंच.

मी म्हटलं, माहितीचा अर्ज टाक की.
दहा रुपयांचं तिकीट, जोडपत्र अ, तीस दिवस.
तो हसला.
कायदा त्यानं माझ्याआधी वाचला होता,
समासात सिंधी टिपणं काढून.
कलम तीन: विचारायचा हक्क नागरिकाला.
म्हणजे उंबऱ्याच्या आतल्यानंच विचारायचं
बाहेर किती उभे आहेत.

मग मीच टाकला.
कुमुदिनी आण्णाप्पा आळवेकर, वय सदुसष्ट.
'नागरिक आहात काय?' पुढं 'होय' लिहिताना
पहिल्यांदाच पेन अडखळलं.
या शब्दासाठी मी कधी
कुणाच्या दारात बसले नव्हते.

अर्ज पोलीस मुख्यालयात गेला.
तिथून वर्ग केला मुंबईला,
मुंबईनं दिल्लीला,
दिल्लीनं लिहिलं, विषय जिल्ह्याचा आहे.
शिक्के वाढत गेले, कागद मऊ पडला.
कुणीच त्याला ठेवून घेईना.

माझे एक चुलते होते, बापूकाका,
लढाईच्या दिवसांत वळिवड्याच्या छावणीत
पोलंडच्या लोकांच्या पावाचा हिशेब ठेवायचे.
एवढ्या लांबून आलेली माणसं, नावं उच्चारता येईनात,
तर काका म्हणायचे, नाव राहू दे, पाव मोज.
रोज सकाळी कोठीच्या दारावर खडूनं आकडा:
आज इतके उतरले, इतके वाटले, इतके उरले.
मोडीत लिहिलेला, पण उघड्यावर.
येणारा-जाणारा वाचायचा.
गाडीवानसुद्धा.
ती माणसं गेली, त्याच बराकींत सिंधी आले,
गावाचं नाव बदललं.
खडूचं कुणी काही जपून ठेवलं नाही,
आमच्या घरीही नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं.
मुद्दा क्रमांक एक: निरंक.
मुद्दा क्रमांक दोन: निरंक.
तीन: निरंक.
चार: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

हा शब्द मीही आयुष्यभर लिहिला आहे.
संध्याकाळचे पाच, बस चुकेल, लिहा निरंक.
आजऱ्यात घोडे किती? निरंक.
आता खरं सांगते,
आजऱ्याला आम्ही गेलोच नव्हतो.
शून्य लिहायला शेवटच्या घरापर्यंत चालावं लागतं.
निरंक खुर्चीत बसून लिहिता येतं.

अपिलात मी एवढंच लिहिलं:
किमान एक धरा.
तो माझ्यासमोर चहा पितोय.
बशीत ओतून.

मग त्याचं दुकान उघडायची वेळ झाली.
मीही गेले, पोचपावतीची झेरॉक्स त्याला द्यायची होती.
तो मांडी घालून बसला, काठाला काठ लावला,
हिकु, ब, टे, चार, पंज...
मालक न बघताच वहीत उतरवत होता.
रात्री शटर ओढताना बेरीज झाली:
दोनशे बारा साड्या, एक डागाची,
ती वेगळी दाखवलेली.